डाव्या बाजूला चौघी

“हा जिना ज्यानं बांधला त्याला गुडघे नसणार,” कप्तान तिच्या कानाशी पुटपुटली. “बावीस पायऱ्या झाल्या, अजून तेवढ्याच आहेत. आणि खाली पाटी काय, तर क्रीडा भवन.”

तिनं हसून कठड्याला धरलं. कप्तान नेहमीसारखी तिच्या डावीकडून चढत होती, कोपराला कोपर लावून. चोवीस वर्षं ही बाई तिच्या डावीकडून चालत आली होती. रस्त्यात, बाजारात, लग्नाच्या हॉलमध्ये, दवाखान्याच्या बोळात. आधी संघाची कप्तान म्हणून आणि पुढं नणंद म्हणून. ताईंची सवयच तशी, असं ती धरून चालली होती. नणंदेला कुठल्या सवयी असाव्यात हे भावजयीच्या हातात नसतं. त्यात ही सवय उपयोगाची होती, कारण तिचा डावा डोळा कधीच कामातून गेला होता.

तो कसा गेला हे घरादाराला तोंडपाठ होतं. परदेशातल्या स्पर्धेहून परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी न्हाणीघरात पाय घसरला आणि ती तोंडावर नळावर आपटली. तो नळ आता घरातलंच एक माणूस होऊन बसला होता. नवरा भाड्याचं घर बघायला गेला की स्वयंपाकघराआधी न्हाणीघरात शिरायचा आणि नळ किती उंचीवर आहे ते बघायचा. कप्तानच्या मुली लहान होत्या तेव्हा त्यांना “सावकाश गं, मामीचा नळ आठवतोय ना?” म्हणून आंघोळीला धाडलं जायचं.

सगळं खरं होतं, फक्त नळ खोटा होता.

डोळा गेला तो पहिल्या मॅचमध्ये, शेवटची आठ मिनिटं उरलेली असताना. समोरच्या संघातली एक उंच पोरगी सहा मीटरच्या रेषेवरून हवेत झेपावली आणि तिचा चेंडू थेट डोळ्यावर बसला. हँडबॉलचा चेंडू हातात बसावा म्हणून त्याला राळ फासतात. ती राळ पापणीला अशी चिकटली की दोन दिवस साबणानं निघाली नाही. ती उठली, हात वर केला, आणि टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी डाव्या बाजूनं एक काळा पडदा हळूहळू आत सरकायला लागला.

सांगायचं तर कोणाला? दुसऱ्या गोलकीपरचं बोट निघायच्या आठवडाभर आधी मोडलं होतं, ती आलीच नव्हती. आपण बसलो तर संघ परत जाणार, एवढंच तिला दिसत होतं. त्या दिवशी, दुसऱ्या मॅचमध्ये, तिनं अडतीस गोल खाल्ले. मैत्रिणी काही बोलल्या नाहीत. तीही बोलली नाही.

घरी परतल्यावर डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, “आतला पडदा सुटलाय. पाच दिवसांपूर्वी आली असतीस तरी काही करता आलं असतं.” तिनं दवाखान्याच्या बाकावर बसून बोटं मोजली. पाच दिवसांपूर्वी म्हणजे तिसऱ्या मॅचचा दिवस. बाकावरून उठेपर्यंत तिनं नळ तयार केला होता.

आज तिच्या पर्समध्ये चार घड्या घातलेला एक कागद होता. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात ती कटिंग मास्तर होती. एका वेळी चाळीस थर कापड कापताना जिचा हात थरथरत नाही, तिनं हा अर्ध्या पानाचा मजकूर तीनदा लिहून फाडला होता. चौथ्यांदा लिहिलेला असा होता: ‘दुसऱ्या मॅचचे अडतीस गोल माझ्या डोळ्यामुळे गेले. मला दिसत नव्हतं हे मी संघापासून लपवलं. ही फसवणूक होती. सगळ्यांची माफी मागते.’ चोवीस वर्षं जी कोपराला कोपर लावून चालली तिच्यासमोर हे वाचायचं, या विचारानं ती जिन्याच्या मध्यावरच थांबली.

“दम लागला का?” कप्तान म्हणाली.

“नाही हो ताई. तुमच्यासाठी थांबले.”

“माझ्यासाठी कशाला? मी ड्रायव्हिंग शिकवते. चढावर गाडी कशी धरायची हे मला माहीत आहे.” आणि ती कठड्याला लटकून थांबली.

वरच्या खोलीत गणिताच्या बाई वाट बघत होत्या. आयुष्यात त्यांनी कधी चेंडू हातात धरला नव्हता. निवृत्तीनंतर एकदा वर्तमानपत्रात महिला संघाच्या गोलांची बेरीज चुकलेली त्यांना दिसली आणि त्यांनी असोसिएशनला पत्र लिहिलं. असोसिएशननं आभार मानून संघाचा सगळा इतिहासच त्यांच्या गळ्यात घातला. गेले आठ महिने त्या कपाटातल्या फायली उपसत होत्या. त्यांच्यामागं भिंतीवर मोठा तक्ता होता, स्वतः पट्टीनं आखलेला. स्पर्धा चार. सामने सोळा. हार पंधरा. जीत एक. त्या एकाभोवती बाईंनी लाल पेननं चौकट काढली होती.

“शिकवायला बरा आहे हा इतिहास,” बाई म्हणाल्या. “वजाबाकी फार करावी लागत नाही.”

खिडकीपाशी दोघी आधीच येऊन बसल्या होत्या. एक डावरी, जी डाव्या हातानं गोल करायची आणि आता एक्स-रे काढायची. दुसरी खुंटी. समोरच्यांच्या बचावात घुसून ती एकदा उभी राहिली की तिघींना हलवता यायची नाही. आता तिची बेकरी होती आणि गिऱ्हाइकांनाही ती हलत नसे.

“आलं बाई कुलूप,” खुंटी म्हणाली. संघात तिला सगळ्या कुलूपच म्हणायच्या. “किती वाळलीस गं. कारखान्यात कापडाबरोबर तुलाही कापतात की काय?”

“तुझ्या पावाचं वजन घटलंय म्हणतात. ते कोण कापतं?”

डावरी खोखो हसली. जुन्या मैत्रिणी जमल्या की पहिली दहा मिनिटं अशीच जातात, एकमेकींची अब्रू काढण्यात. किटलीतला चहा तिनंच ओतला. किटलीचं तोंड प्रत्येक कपाच्या काठाला टेकवून मगच ती ओतायची. एका डोळ्याच्या माणसाला कप किती लांब आहे ते नेमकं कळत नाही. आठवडाभर टेबलावर, बशीत आणि स्वतःच्या पायावर पाणी सांडल्यावर हात आपोआप शिकतो. ओतून झाल्यावर तिनं मान वर केली, तर कप्तान तिच्या हाताकडं बघत होती. नजर भेटताच कप्तान तक्त्याकडं वळली आणि दिसलेच नाहीत तर बरे असे आकडे वाचायला लागली.

“प्रत्येकीचं चार ओळींचं निवेदन मला हवंय,” बाई म्हणाल्या. “पण आधी एक गंमत. त्या जिंकलेल्या मॅचची टेप मिळाली.”

खुंटीनं कप खाली ठेवला.

“कुठली टेप?” डावरीनं विचारलं.

“समोरच्या संघाच्या असोसिएशनकडं होती. पाच पत्रं लिहिली मी त्यांना. हरलेल्या मॅचची टेप जपून ठेवणारी माणसं, मला तर कौतुकच वाटलं. कालच लॅपटॉपवर आली.”

“अहो, कशाला,” कप्तान म्हणाली. “निकाल माहीत आहे की. एकवीस-वीस. आठ संघांत सातवा नंबर.”

“ताई, मला बघायचीय,” ती म्हणाली.

तिला खरंच बघायची होती. कागद वाचण्याआधी एकदा ती मॅच डोळ्यांखालून घालावी, मग जे व्हायचं ते होऊ दे, असं तिला वाटलं. त्या दिवसाबद्दल तिच्या मनात एकच गोड आठवण होती. समोरच्या पोरी येत होत्या आणि पुन्हापुन्हा उजवीकडूनच मारत होत्या. तिच्या चांगल्या डोळ्याच्या बाजूनं. पंधरा चेंडू तिनं त्या बाजूला अडवले. आपलं नशीब आज उजवीकडं उभं आहे, असं तिला तेव्हा वाटलं होतं, आणि चोवीस वर्षं तिनं त्या नशिबाचे मनातल्या मनात आभार मानले होते.

बाईंनी बटण दाबलं. चित्र धुरकट होतं आणि आवाज जवळजवळ नव्हताच. कॅमेरा एका गोलच्या मागं गॅलरीत लावलेला होता, आणि पहिल्या अर्ध्यात तो गोल त्यांचाच होता. म्हणजे पडद्यावर आधी तिची स्वतःची पाठ, आणि तिच्यापुढं रेषेवर उभ्या सहाजणींच्या पाठी. अगदी तिला तेव्हा दिसायचं तसंच.

“अगंबाई, माझी कंबर,” खुंटी म्हणाली. “होती तर.”

ती हसली, आणि मग हसता हसता थांबली. अगदी तसंच नव्हतं. तेव्हा तिला अर्धंच दिसत होतं. डावीकडं काय चाललंय ते आज ती पहिल्यांदा बघत होती.

बचावात सहाजणी असतात, तीन डावीकडं आणि तीन उजवीकडं, दाट कुंपणासारख्या. इथं डावीकडं चौघी होत्या. तिनं पुन्हा मोजल्या. चौघी, खांद्याला खांदा लावून. उजवीकडं दोघी, आणि दोघींमधून हातगाडी निघेल एवढी वाट.

“खुंटे, तू तिकडं काय करत होतीस?” तिनं विचारलं. “तुझी जागा उजवीकडची ना?”

“असेल काहीतरी,” खुंटी म्हणाली. “मी तेव्हा धावायचे. धावणारं माणूस कुठंही सापडतं.”

पडद्यावर समोरचा संघ आला. डावीकडून घुसायला बघितलं, चौघींवर आपटला, मागं फिरला, आणि उजवीकडच्या मोकळ्या वाटेनं चेंडू मारला. तिच्या पाठमोऱ्या आकृतीनं तो अडवला. बाईंनी टाळ्या वाजवल्या. बाकी कोणी वाजवल्या नाहीत.

पुन्हा तेच. चौघी, आपटणं, मागं फिरणं, उजवीकडची वाट. पुन्हा. कापड उलटं घातलं असेल तर शंभर थरांतून तिच्या बोटाला कळायचं. इथं काहीतरी उलटं होतं, आणि ते चोवीस वर्षं तिच्या अंगावर शिवलेलं होतं.

“सरांनी सांगितलं होतं का असं उभं राहायला?” तिनं विचारलं.

त्यांच्या प्रशिक्षकांना जाऊन तीन वर्षं झाली होती. त्यांच्यावर काहीही ढकलता आलं असतं. डावरीनं तोंड उघडलं, कप्तानकडं बघितलं आणि परत मिटलं.

मध्यंतर झालं. बाजू बदलल्या. आता त्यांचा गोल लांब, पडद्याच्या वरच्या टोकाला होता, आणि सहाजणींचे चेहरे कॅमेऱ्याकडं. ती खुर्ची ओढून पुढं सरकली. गोलकीपरला स्वतःच्या संघाचे चेहरे खेळताना कधी दिसत नाहीत. साठ मिनिटं फक्त पाठी, वेण्या आणि नंबर. कोण घाबरली, कोण रडवेली झाली, हे तिला कायम उशिरा कळायचं. ते चेहरे किती लहान होते. तेवीस-चोवीस वर्षांच्या पोरी, घामानं निथळलेल्या.

समोरचा संघ चेंडू घेऊन निघाला की मधली, नऊ नंबरची कप्तान, डावा तळहात उचलून स्वतःच्या डाव्या डोळ्यावर ठेवायची. क्षणभरच. लगेच इतर पाचजणी सरकायच्या आणि डाव्या बाजूला चौघी उभ्या राहायच्या.

“एक मिनिट,” गणिताच्या बाईंनी टेप थांबवली. त्यांचं पेन तयार होतं. “हे मला डावपेचांच्या प्रकरणात घ्यायचंय. काल मी मोजलं. दुसऱ्या अर्ध्यात सव्वीस वेळा. नऊ नंबर सव्वीस वेळा डोळा झाकते. ही खूण कसली?”

खिडकीबाहेर खाली मैदानावर कोणीतरी शिट्टी वाजवली.

“घाम पुसत असेल,” डावरी म्हणाली.

“सव्वीस वेळा एकाच डोळ्याचा?”

“एका डोळ्याला जास्त येतो कोणाकोणाला,” खुंटी म्हणाली. ती स्वतःच्या बांगड्यांशी चाळा करत होती.

पडद्यावर कप्तान थांबली होती, डोळ्यावर हात ठेवून. तिच्यामागं, लांब, गोलमध्ये एक पोरगी दोन्ही हात पसरून उभी होती. मान डावीकडं किंचित वळलेली, कोंबडीसारखी, उजव्या डोळ्यानं डावीकडचं बघायचा प्रयत्न करत. कोणाच्या लक्षात येणार नाही, असं त्या पोरीला वाटत होतं. इथून, गॅलरीतून, एवढ्या लांबूनसुद्धा ते लख्ख दिसत होतं.

पडद्यावरची मॅच चौथी. तिसरीच्याही टेपा असतील कुठंतरी. तिसऱ्या मॅचच्या दिवशीही चेंडू उजवीकडूनच येत होते, हे तिला आता आठवलं. तिसऱ्या मॅचच्या दिवशी. बाकावर बसून मोजलेली पाच बोटं.

मग एकेक गोष्ट जागची हलायला लागली. परतीच्या विमानात ताईंनी जागा बदलून घेतली होती आणि तिच्या डावीकडं येऊन बसल्या होत्या. तेव्हा नळ कुठं होता? नळ तर अजून सुचायचा होता. हॉस्पिटलमध्ये सगळ्या भेटायला आल्या आणि एकीनंही विचारलं नाही, कुठला नळ, कसा लागला, केव्हा. कोणाला सुई टोचली तरी सात प्रश्न विचारणारी डावरी, तिनं एकही विचारला नाही. आणि वर्षभरानं ताई स्वतः घरी आल्या, आईला म्हणाल्या, माझ्या भावासाठी हिला द्या. आई रडली होती. एका डोळ्याच्या मुलीला कोण विचारतं, म्हणून आनंदानं रडली होती.

“टेप मागं घ्या,” ती म्हणाली. बाईंनी घेतली. हात वर गेला, डोळा झाकला, चौघी सरकल्या. “पुन्हा.” हात वर गेला. “पुन्हा.”

“पुरे,” कप्तान म्हणाली.

तिनं पर्स उघडली आणि घड्या घातलेला कागद टेबलावर ठेवला. तो उघडायला मात्र बोटं तयार होईनात. फसवणूक हा शब्द त्यात तिनं स्वतःसाठी लिहिला होता, त्याच्याखाली दोनदा रेघ ओढून.

“मी माफी मागायला आले होते,” ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. “मी तुमच्यापासून लपवलं म्हणून. चोवीस वर्षं रोज वाटायचं, यांना कळलं तर काय वाटेल.”

खुंटीनं तोंडाला पदर लावला. डावरी खिडकीबाहेर बघत राहिली. एक्स-रे काढताना माणसाला ‘श्वास रोखा’ म्हणतात, तशी.

गणिताच्या बाईंनी पेनला टोपण लावलं. आपल्या तक्त्यावरच्या लाल चौकटीकडं त्यांनी एकदा बघितलं आणि लॅपटॉप अर्धा मिटला. पण त्या उठून गेल्या नाहीत. वर्गात एखादी मुलगी फळ्यापाशी अडली की थांबावं, तशा थांबल्या.

“ताई,” ती म्हणाली, “तुमच्या भावाला काय माहीत आहे?”

“त्याला नळच माहीत आहे,” कप्तान म्हणाली. “तुला बघायला मी त्याला आणलं, एवढंच माझं. ‘हो’ तो स्वतःच म्हणाला.”

“आणि तुम्ही का आणलंत?”

कप्तान उठली. सवयीनं तिच्या डावीकडं यायला निघाली, दोन पावलं आली, आणि मध्येच थबकली. मग टेबलाला वळसा घालून ती उजवीकडं आली, दिसेल अशी समोर उभी राहिली. एवढी उंच बाई, पण उभं कसं राहायचं ते तिला सुचत नव्हतं.

“दुसऱ्या मॅचनंतर जेवायला बसलो होतो आपण,” ती म्हणाली. “तू पाणी ओतलंस ते ग्लासाबाहेर. टेबल पुसलंस. परत ओतलंस, परत बाहेर. मग तू जगचं तोंड ग्लासाच्या काठाला टेकवलंस आणि ओतलंस. अजून तस्संच ओततेस.” ती थांबली. “मी या दोघींना सांगितलं. मग बाकीच्यांना. सरांना नाही सांगितलं. सरांनी त्याच दिवशी तुला विमानात बसवलं असतं.”

“कप्तान, राहू दे ना,” डावरी हळूच म्हणाली.

“किती राहू द्यायचं? हिनं माफीचा कागद आणलाय.” कप्ताननं तो कागद उचलला, न उघडता हातात धरला. “तुला दिसत नव्हतं. आम्हाला माहीत होतं, तिसऱ्या आणि चौथ्या, दोन्ही मॅचच्या आधी. आम्हाला एक मॅच जिंकायची होती, म्हणून आम्ही तुला तसंच उभं केलं.”